'भाषेचं काही टेन्शन नाही'

हे वाक्य गेले दोन महिने आमच्या नात्यागोत्यात फिरतंय. घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या मुलीला डॉक्टर व्हायचंय. नीटचे मार्क सरकारी कॉलेजला पुरत नाहीत, खासगी कॉलेजची फी ऐकून घरात दोन दिवस कुणी बोललं नाही, आणि मग एका एजंटच्या ऑफिसात चीनचा विषय निघाला. शिकवणं इंग्लिशमध्ये, हॉस्टेलवर सगळी आपलीच मुलं, मेसमध्ये पोळी-भाजी, शनिवारी इडली. आणि शेवटी ते वाक्य: "भाषेचं काही टेन्शन नाही, मॅडम."

मग मला फोन. "ताई, तू राहून आलीयस ना तिकडे? सांग ना खरं काय ते." मी सांगितलं. ते तिला आवडलेलं नाही, हेही मला दुसऱ्या एका मावशीकडून कळलं. (मुलुंड ते घाटकोपर पाच स्टेशनं, पण आमच्याकडे बातम्या फास्ट लोकलने जातात.) फोनवर अर्धवट बोलणं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. नातेवाईकांपैकी निम्मे हे वाचतातच.

मी डॉक्टर नाही. सप्टेंबर २००९ ते जुलै २०१० असं एक वर्ष मी शिष्यवृत्तीवर पेइचिंगमध्ये भाषा शिकत होते. त्या जोरावर आज अंधेरीला मरोळच्या एका कंपनीत चिनी यंत्रांची माहितीपत्रकं आणि पत्रव्यवहार सांभाळते. म्हणजे माझं पोट भाषेवर चालतं, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार हे आधीच सांगून टाकते.

परत आल्यावर लोकांनी मला काय विचारलं? "झुरळं खातात का गं खरंच?" हा प्रश्न एक नंबर. "मग तू काय खाल्लंस?" हा दोन नंबर. तिसरा प्रश्न आजवर आलेला नाही. तेव्हा खाण्यापासूनच सुरू करू.

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये रोख पैसे चालत नसत. एक कार्ड, त्यात पैसे भरायचे आणि खिडकीसमोर रांगेत उभं राहायचं. आत पांढरी टोपी घातलेल्या काकू मोठा डाव घेऊन उभ्या. भाजी बोट दाखवून मिळे. भात मात्र मिळत नसे, कारण त्या विचारायच्या, "किती?" आणि भात तिथे वजनावर मिळतो. एक ल्यांग म्हणजे पन्नास ग्रॅम. "अर् ल्यांग" म्हटलं की शंभर ग्रॅमचा ढीग ताटात. मागे चाळीस भुकेली मुलं. तिथे बोट चालत नाही, इंग्लिश चालत नाही, हसून भागत नाही. तिसऱ्या दिवशी मी "अर् ल्यांग" म्हणाले आणि काकू मान वर न करता भात वाढून मोकळ्या झाल्या. वर्गात गुरुजींनी दिलेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ते मान वर न करणं मला जास्त मोलाचं वाटलं होतं.

शाकाहारी माणसाचे हाल होतात हे खरं आहे, पण उपासमार होत नाही. टोमॅटो घालून परतलेलं अंडं, व्हिनेगर आणि लाल मिरची घातलेल्या बटाट्याच्या काचऱ्या, वांगं, टोफू, वाफवलेला मानथौ. सकाळी गेटबाहेर गाडीवर च्येनपिंग मिळे. गोल तव्यावर पातळ पीठ फिरवून, वर अंडं फोडून, सॉस लावून घडी घालतात. आपल्या घावनाची उत्तरेकडची चुलतबहीण म्हणा. तीन युआन, म्हणजे तेव्हाचे वीस-एकवीस रुपये. टोफूत खिम्याचे चार कण सापडतात ते मात्र विचारूनच टाळावे लागतात. "मांस नको" एवढं म्हणून पुरत नाही, कारण तेवढा खिमा म्हणजे त्यांच्या हिशेबी मांसच नव्हे. इथेही पुन्हा भाषाच.

आता खरी गोष्ट. परदेशी विद्यार्थ्यांची इमारत वेगळी होती. एका खोलीत दोघी, चोवीस तास गरम पाणी, दाराशी इंग्लिश समजणाऱ्या बाई. समोरच्या इमारतीत चिनी मुली. एका खोलीत सहा जणी, रात्री अकराला दिवे आणि इंटरनेट बंद. अंघोळीला कार्ड घेऊन सार्वजनिक न्हाणीघरात जायचं, आणि पिण्याचं गरम पाणी बॉयलरच्या खोलीतून थर्मासमध्ये भरून आणायचं. त्या खोलीबाहेर रंगीबेरंगी थर्मासची रांग लागलेली असे, चाळीतल्या नळावर बादल्या लावून ठेवतात तशी. आम्हाला कुणी तिकडे जाऊ नका म्हटलं नव्हतं. पण जायचं कारणच नव्हतं. आमच्या इमारतीत कोरियन होते, कझाक होते, आफ्रिकेतले पाच-सहा देश होते. सगळे आपापसात मोडकं इंग्लिश बोलायचे आणि वीकएंडला वूताओखौच्या कॉफीच्या दुकानांत जाऊन बसायचे. अकरा महिने असे काढून, चीनच्या राजधानीत राहून, चीनशी ओळख न होता परत जाणारी माणसं मी पाहिली आहेत. वाईट नव्हती, आळशीही नव्हती. फक्त त्यांना गरज पडली नाही.

माझं नशीब बरं, मला एक भाषा-मैत्रीण मिळाली. तिथे ही पद्धतच आहे. तू मला एक तास चिनी शिकव, मी तुला एक तास इंग्लिश शिकवते. ती हेबेई प्रांतातल्या खेड्यातली, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी. पहिले काही दिवस भेटली की विचारायची, "जेवलीस?" मला वाटायचं आता ही जेवायला नेणार. नंतर कळलं, आपल्याकडे जिन्यात भेटलं की "काय, झाला का चहा?" विचारतात, तेवढाच त्याचा अर्थ. कुणी चहा देत नाही.

तिच्यामुळे मी थर्मासच्या रांगेत उभी राहिले, दुपारी जेवणानंतर सगळं विद्यापीठ झोपतं तेव्हा झोपायला शिकले, आणि गरम पाणी प्यायला लागले. १ नोव्हेंबरला त्या वर्षीचा पहिला बर्फ पडला, तोही सरकारने ढगांवर फवारणी करून पाडलेला. तिथली सरकारी हीटिंग साधारण १५ नोव्हेंबरला सुरू होते, त्यामुळे बर्फ आधी आणि ऊब नंतर अशी पंचाईत झाली. (हीटिंग त्या वेळी लवकर सुरू केली म्हणा.) आईशी स्काइपवर बोलताना मी दोन स्वेटर घालून बसायचे आणि आई विचारायची, "आजारी आहेस का?" मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी उठले तर आकाश नारिंगी. वाळूचं वादळ. दोन युआनचं तिकीट काढून मेट्रोने अख्खं शहर फिरता यायचं, आणि रविवारी मी तेच करायचे. कुठलंही स्टेशन, उतरायचं, पाट्या वाचायच्या. एवढंच. त्याला कुणी अभ्यास म्हणणार नाही.

डिसेंबरात मला ताप आला. तो स्वाइन फ्लूचा हिवाळा. ताप म्हटल्यावर ताप-तपासणीच्या वेगळ्या दवाखान्यातच जावं लागे. मैत्रीण बरोबर आली. डॉक्टरांनी विचारलं, अंग 'स्वान' आहे का? 'स्वान' म्हणजे आंबट. वर्गात मी हा शब्द व्हिनेगरसाठी शिकले होते. अंग आंबट? मैत्रीण खाणाखुणा करायला लागली आणि माझ्या डोक्यात एकदम मराठी उजळलं. अंग आंबलंय का! उभं राहून राहून पाय आंबले म्हणतो ना आपण, तेच. हा प्रश्न इंग्लिशमधून गेला असता तर वाटेतच मेला असता. मुंग्या येतात त्याला 'मा' म्हणतात, पोट तटतटतं त्याला आणखी वेगळा शब्द. आजारी माणूस पुस्तकातली भाषा बोलत नाही. आपल्याकडे परळच्या नाहीतर सायनच्या ओपीडीत रत्नागिरीहून आलेली आजी काय सांगते? अंगात कसकस आहे, पोटात कळ येते, डोकं भणभणतंय. 'कसकस'ला इंग्लिश शब्द शोधून दाखवा. ज्या विद्यार्थ्याला हे शब्द कळत नाहीत तो त्या खाटेपाशी उभा राहून काय शिकणार?

आणि माझ्या भाचीचं नेमकं हेच होणार आहे. पहिली दोन-तीन वर्षं वर्ग, इंग्लिश पुस्तकं, भारतीय मेस. ती निघून जातील. पुढे वॉर्ड. वॉर्डातले पेशंट शिचियाच्वांगचे शेतकरी नाहीतर वूहानच्या आज्या. त्यांच्यासाठी कुणी इंग्लिश शिक्षक ठेवलेला नाही.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पेइचिंगच्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांसाठी लांबलचक सूचना काढली होती. २०१५ ते २०२१ या काळात चीनमध्ये शिकलेल्या ४०,४१७ जणांनी भारतात परवान्यासाठीची परीक्षा दिली आणि ६,३८७ पास झाले. शंभरात सोळा. इंग्लिशमधून शिकवायला चीन सरकारने पंचेचाळीसच कॉलेजांना मान्यता दिली आहे, द्विभाषिक म्हणून दाखवला जाणारा अभ्यासक्रम घेऊ नका, आणि एचएसके या परीक्षेची चौथी पातळी गाठली नाही तर पदवी मिळणार नाही, हेही त्यात होतं. चौथी पातळी म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने बाराशे शब्द. शिवाय आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान चोपन्न महिन्यांचा हवा आणि वर त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप. म्हणजे पूर्ण वर्षभर तेच वॉर्ड, त्याच आज्या.

आता न्यायाने बोलायचं तर शंभरातले चौऱ्याऐंशी काही फक्त भाषेपायी नापास होत नाहीत. तयारी कमी असते, कॉलेजं सारखी नसतात, परीक्षा कठीण आहे. २०२० च्या जानेवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीला घरी आलेली मुलं तर व्हिसा पुन्हा सुरू होईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०२२ पर्यंत, अडकून पडली आणि त्यांनी शरीरशास्त्र मोबाइलवर पाहिलं. त्या आधी साधारण तेवीस हजार भारतीय विद्यार्थी तिथे होते, बहुतेक सगळे वैद्यकीयचे. त्यांचं दुःख वेगळं आहे. पण भाषा हे एकच असं कारण आहे जे मुंबईत बसून, जायच्या आधी, स्वतःच्या हातांनी कमी करता येतं. आणि नेमकं त्याच्याबद्दलच एजंट म्हणतो टेन्शन नाही.

"चिनी किती कठीण असते गं" हा पुढचा आक्षेप. चित्रलिपी कठीण आहे, वाद नाही. हात दुखेपर्यंत लिहावं लागतं, आमच्या वर्गात रोज सकाळी आठला शुद्धलेखन असायचं. पण उच्चारांत मराठी माणसाला जन्मजात सवलत आहे आणि ती कुणी त्याला सांगत नाही. चिनीत पोटाला म्हणतात 'तूत्स' आणि सशाला 'थूत्स'. फरक फक्त त आणि थ चा. आमच्या वर्गातला अमेरिकन मुलगा महिनाभर ससा दुखतोय सांगत होता. आपल्याला त-थ, प-फ बालवाडीपासून वेगळे ऐकू येतात. शेवटचा 'त्स' म्हणजे आपल्या 'चूल'मधला च. 'चहा'मधल्या च सारखाही त्यांच्याकडे वेगळा आवाज आहे. हिंदीवाल्यांकडे हे दोन च नाहीत, आपल्याकडे आहेत. रोमन लिपीत लिहिलेलं वाचून आपण 'बीजिंग' म्हणतो, ते लोक म्हणतात 'पेइचिंग', म्हणून मीही वर तसंच लिहिलंय. राहिले सूर. तेही येतात. 'थांग' सपाट म्हटलं तर सूप आणि वर चढवत म्हटलं तर साखर. दोन-तीनदा सूपाऐवजी साखर पुढ्यात आली की कान आपोआप तयार होतो.

आणि आपल्यात हे कुणी केलेलंच नाही असंही नाही. वसंत परांजपे १९४७ मध्ये शिष्यवृत्तीवर पेइचिंग विद्यापीठात गेले. विद्यार्थी असतानाच त्यांच्या डोळ्यांदेखत तिथली राजवट बदलली. १९५४ मध्ये नेहरू चीनला गेले तेव्हा दुभाषे म्हणून हा मराठी माणूस होता. पुढे ते राजदूत झाले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस तर सगळ्यांना माहीत आहेत, निदान शांतारामबापूंच्या १९४६ च्या सिनेमामुळे. सोलापूरचा मुलगा, परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकला, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि डिसेंबर १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारला. आपण त्यांचा त्याग सांगतो. त्यांनी तिकडे जाऊन चिनी शिकून घेतली, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवलं, शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक त्याच भाषेत लिहायला घेतलं, हे फारसं कुणी सांगत नाही. युद्ध चालू, औषधं नाहीत, आणि या माणसाने भाषेचं टेन्शन घेतलं. माझ्या मैत्रिणीच्या गावाकडच्या आजीला भारताबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या, राज कपूरचा 'आवारा' आणि 'के तीह्वा'. हे दुसरं म्हणजे कोटणीसांचं चिनी नाव. कोटणीस हेबेईतच राहिले होते. मुंबईहून आलेय म्हटल्यावर आजीने माझ्या ताटात दोन अंडी जास्त वाढली. ती कोटणीसांच्या हिशेबात.

मावसबहिणीचं म्हणणं, "ताई, तुझं एक वर्षाचं हौसेचं शिक्षण होतं, शिष्यवृत्ती होती. आमचा पीएफ जाणार आहे यात." बरोबर आहे. म्हणूनच तर म्हणते. माझं चुकलं असतं तर एक वर्ष गेलं असतं. इथे सहा वर्षं आणि बापाची निवृत्ती पणाला आहे. एवढे पैसे घालून पोरीने परदेशात एक छोटं घाटकोपर शोधायचं, त्याच मेसमध्ये जेवायचं, त्याच मुलांशी हिंदीत बोलायचं आणि वॉर्डात गेल्यावर मागे उभं राहून मान डोलवायची, याला मी शिक्षण म्हणणार नाही. अशा जाण्यापेक्षा इथे राहून आणखी एक वर्ष नीट द्यावी, किंवा फिजिओथेरपीला, नर्सिंगला जावं. हे वाक्य फोनवर बोलले तेव्हा पलीकडे शांतता पसरली होती. तरी इथे पुन्हा लिहिते.

जाऊ नको असं मात्र मी म्हटलेलं नाही, हे कृपया सर्व मावश्यांनी नोंदवून घ्यावं. ऑक्टोबर २०२५ पासून थेट विमानंही पुन्हा उडायला लागली आहेत, जाणं-येणं पूर्वीसारखं सोपं होईल. आपल्या एवढ्या मोठ्या शेजाऱ्याची भाषा येणारी माणसं आपल्यात किती कमी आहेत ते मी रोज ऑफिसात बघते. माणसं गेलीच पाहिजेत. पण भाचीला मी सांगितलंय ते एवढंच: जायच्या आधी इथे आठ-दहा महिने रोज दोन तास भाषा. माझ्याकडे ये, मी फुकट शिकवते, मुलुंडपर्यंतचा पास तुझा तू काढ. तिथे गेल्यावर पहिलं वर्ष मेस लावायची नाही, चिनी कँटीनच्या रांगेत उभं राहायचं. एक भाषा-मैत्रीण शोधायची. आणि रविवारी बाहेर पडून पाट्या वाचायच्या.

भाची तीन रविवार आली. 'तूत्स' आणि 'थूत्स' तिला पहिल्या तासाला जमलं. चौथ्या रविवारी नीटच्या क्लासची टेस्ट होती म्हणून नाही आली, या रविवारचं अजून कळलेलं नाही. एजंटला पहिला हप्ता पुढच्या महिन्यात द्यायचाय.

तेव्हा वाचकांकडे एक मागणं आहे. त्या पंचेचाळीस कॉलेजांपैकी कुठे तुमच्या ओळखीतलं कुणी शिकून आलं असेल, तर वॉर्डात पेशंटशी कोण बोलायचं, विद्यार्थी स्वतः की मधे कुणी चिनी मुलगा, एवढं विचारून मला कळवा. मेसमध्ये काय मिळतं ते नको, ते एजंटने सांगितलंय.